अनंत एकाने वाढते का?

दत्तजयंतीच्या अंकासाठी दरवर्षी निरोप येतो आणि दरवर्षी मी एखाद्या सत्पुरुषाच्या चरित्रातले काही ना काही लिहून देतो. यंदा तसे जमले नाही. यंदाचा लेख म्हणजे माझ्या नातीने मला घातलेला गृहपाठ आहे, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या पौषात आमची ही गेली. बेचाळीस वर्षांचा संसार. रामकुंडावर अस्थिविसर्जन झाले, दिवस झाले, पाहुणे पांगले. तेराव्यानंतरच्या एका संध्याकाळी नात माझ्याशेजारी येऊन बसली. नववीतली मुलगी. गळ्यात चांदीची बारीक साखळी आणि तिच्यात एक पदक, आडवा पडलेला इंग्रजी आठ. ते पदक आजीनेच तिला सराफ बाजारातून घेऊन दिलेले. घेताना दुकानात हिने विचारले होते, "अहो, हा आठ असा झोपलाय का?" नात हसून म्हणाली होती, "आजी, तो आठ नाहीये गं, अनंताचं चिन्ह आहे ते." पण आमच्या घरात त्याचे नाव 'झोपलेला आठ' असेच पडले ते पडलेच.

त्या संध्याकाळी ती मोबाईलवर आलेले निरोप वाचत होती. बहुतेकांनी तेच लिहिले होते, आपण सगळेच लिहितो तसे : 'अनंतात विलीन झाल्या.' वाचता वाचता तिने पदक बोटात धरले आणि विचारले,

"आजोबा, आजी अनंतात गेली म्हणजे अनंत एकाने वाढलं का?"

छत्तीस वर्षे गणित शिकवलेला माणूस मी. विचार करायच्या आधीच तोंडातून गेले, "नाही गं. अनंतात एक मिळवला तरी अनंतच राहतं."

"म्हणजे ती तिथे गेली काय आणि न गेली काय, काही फरकच नाही?"

आणि उठून गच्चीवर गेली.

उत्तर बरोबर होते. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कारण तिचा प्रश्न गणिताचा नव्हताच. आपण देवाला अनंत म्हणतो. त्याच्यात कितीही मिळवले तरी तो वाढत नाही, कितीही काढले तरी कमी होत नाही. मग आपले येणे-जाणे, आपला जप, आपला नैवेद्य, आपले एक माणूस, याची तिथे नोंद कसली? हा प्रश्न रात्री तीन वाजता पुष्कळ गृहस्थांना पडत असणार. सकाळी आरतीला उभे राहिल्यावर तो कुणी विचारत नाही, इतकेच.

म्हणून मी पहिल्यापासून सुरुवात केली. म्हटले, आधी या झोपलेल्या आठाचे मूळ पाहू.

हे चिन्ह गणितात आणले जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने, १६५५ साली. शंकूचे छेद या विषयावर त्याने लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिले, त्यात ते पहिल्यांदा दिसते. आपल्याकडे तेव्हा शाहजहान दिल्लीच्या गादीवर आणि शिवाजी महाराज पंचविशीत. वॉलिस ऑक्सफर्डला भूमितीचा प्राध्यापक होता. त्याआधी रीतसर दीक्षा घेतलेला धर्मोपदेशकही होता. तिकडच्या यादवी युद्धात शत्रूची सांकेतिक लिपीतली पत्रे उलगडून देण्यात त्याचा हातखंडा होता म्हणे. गंमत अशी की दुसऱ्यांची गुप्त पत्रे वाचणाऱ्या या माणसाने स्वतःचे चिन्ह कुठून घेतले ते कुठेच लिहून ठेवले नाही. 'हे चिन्ह म्हणजे अनंत' एवढे सांगून तो पुढच्या गणिताला लागला. एखाद्या आकृतीचे पातळ पातळ असंख्य काप करायचे, प्रत्येक कापाची जाडी एक भागिले अनंत, आणि ते काप पुन्हा जोडून क्षेत्रफळ काढायचे, यासाठी त्याला ते हवे होते. म्हणजे जन्म कामापुरता झाला, ध्यानात वगैरे दिसले नाही.

मागाहून लोकांनी तर्क केले. त्यातला मला पटणारा असा : रोमन लोक हजाराचा आकडा एका जुन्या पद्धतीत सी, मधे उभा आय आणि उलटा सी असा लिहीत. घाईत लिहिताना तिन्ही जुळले की आडव्या आठासारखे काहीतरी दिसते. आणि लॅटिनमध्ये हजार म्हणजे नुसते हजार नव्हे, पुष्कळ, मोजदाद नाही इतके. हे आपल्याला समजावून सांगायला नको. पुरुषसूक्तातल्या विराट पुरुषाची हजार मस्तके कुणी मोजायला जात नाही. आणि आमची हीसुद्धा म्हणायची, "हजारदा सांगितलं तुम्हाला, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका." तो हजारही रोमन हजारच होता. दुसरा तर्क असा की ग्रीक वर्णमालेतले शेवटचे अक्षर ओमेगा, त्याच्या वळणावरून हे आले. शेवटचे अक्षर म्हणजे शेवट, त्यापुढे काही नाही. तोही असू शकेल.

इथे एक मोह आवरला पाहिजे. आपली शेपटी आपल्याच तोंडात धरलेल्या सापाचे चित्र जगात फार जुने आहे, आणि आपल्याकडे तर शेषाचे नावच अनंत. तेव्हा हे चिन्ह शेषशायीवरूनच गेले, असे छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. टाळ्याही मिळतात. पण वॉलिसने शेष पाहिला होता याला पुरावा नाही, आणि खोट्या दाखल्याने आपल्या देवाचे काही वाढत नाही. ते तर या लेखाचे सूत्रच आहे. आणखी एक : याच आकाराची एक वक्ररेषा याकोब बर्नुली याने १६९४ मध्ये मांडली आणि तिला फितीवरून नाव दिले, आपण केसांना बांधतो तशी फीत. पण तोवर चिन्हाला जवळजवळ चाळीस वर्षे होत आली होती. म्हणजे फितीवरून चिन्ह आले नाही.

नातीला मी पाटीवर दाखवले. (तिला पाटी हा प्रकारच नवा!) आपला मराठी आठ आडवा केला तर काहीच होत नाही. पण आपला चार पाहा. त्याचा खालचा फास बंद आणि वरची टोके मोकळी. आडवा केला तर अनंताचे चिन्ह होता होता राहिल्यासारखे दिसते. एक घर बंद, एक घर उघडे. ही माझी करमणूक आहे, शास्त्र नव्हे. पण उघडे घर ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. नाशिकरोडहून मनमाड, नांदगाव करीत गाडी दोन-अडीच तासांत चाळीसगावला पोचते. तिथून काही मैलांवर सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवी. तिथल्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला, इ. स. १२०७ च्या सुमारास. लेख बहुतेक संस्कृतात, पण शेवटचा भाग, मठाला काय काय उत्पन्न लावून दिले तो, त्या काळच्या मराठीत आहे. नातवाने आजोबांसाठी केलेले हे काम मला फार गोड वाटते. असो.

त्या आजोबांनी, म्हणजे भास्कराचार्यांनी, बीजगणितात शून्याने भागण्याचा प्रश्न घेतला आहे. छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला, बीजगणित हा त्याचाच भाग. तीन भागिले शून्य किती? ते म्हणतात, या राशीचे नाव 'खहर'. 'ख' म्हणजे आकाश आणि 'ख' म्हणजेच शून्य. ज्याच्या छेदात आकाश आहे तो खहर, आणि तो अनंत आहे.

कसे ते घरातल्या डब्यावरून पाहू. डब्यात बारा लाडू आहेत. एकेकाला दोन-दोन दिले तर सहा वाटे होतात. एक-एक दिला तर बारा. अर्धा-अर्धा, चोवीस. पाव-पाव, अठ्ठेचाळीस. कणी-कणी वाटली तर गल्ली जेवेल. वाटा जितका लहान तितके वाटे जास्त. आणि वाटा शून्याचाच केला तर? वाटत राहा, डबा रिकामा होणारच नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली हा अपूर्णांक नुसता तसाच, शून्य छेदात ठेवून, सोडून दिला होता. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांचे म्हणणे, शून्याने भागले तर संख्या आहे तशीच राहते. म्हणजे कुणाला वाटलेच नाहीत, तर लाडू बारा ते बाराच. तेही एका अर्थी चूक वाटत नाही बघा! पण भास्कराचार्य पुढे गेले. आणि पुढे जाताना त्यांनी जो दृष्टान्त दिला त्यासाठीच हा लेख. त्यांचे म्हणणे असे की प्रलयाच्या वेळी असंख्य जीव भगवंतात शिरतात आणि सृष्टीच्या वेळी असंख्य बाहेर पडतात, तरी त्या अनंत अच्युतात जसा पालट होत नाही, तसा खहर राशीत कितीही मिळवले वा कितीही काढून घेतले तरी पालट होत नाही.

गणिताच्या पुस्तकात हे आहे, पोथीत नव्हे. आणि नातीच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तरही हुबेहूब हेच. नऊशे वर्षांपूर्वी दिलेले.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की आजचे गणित शून्याने भागू देत नाही. बारा भागिले शून्य अनंत आणि पाच भागिले शून्यही अनंत, तर उलट गुणाकार केल्यावर बारा आणि पाच सारखे ठरतील. म्हणून आजच्या पुस्तकात त्याला 'अर्थ नाही' असे लिहितात. छेद शून्याच्या जवळ जवळ नेतात, शून्यावर टेकवत नाहीत. कीर्तनात आपण ऐकतो, छेदातला 'मी' शून्य करा म्हणजे फळ अनंत. ऐकायला गोड आहे. पण मास्तराची एक शंका : छेद ऋण बाजूने शून्याकडे नेला तर फळ उलट्या दिशेला अफाट जाते. 'मी कोण, मी तर काहीच नाही' असे चार माणसांत मोठ्याने सांगणारे आपण पाहतोच की!

भास्कराचार्यांच्या नावावर एक दंतकथाही आहे, तुम्हाला माहीत असेल. मुलीच्या लग्नाच्या मुहूर्ताला घटिकापात्रात मोती पडला, भोक बुजले, मुहूर्त टळला, आणि तिच्या समाधानासाठी बापाने तिच्या नावाने लीलावती लिहिली. ही गोष्ट भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावती फारसीत आणली, तिथे ती येते. खरी असो वा नसो, दुःखात बसलेल्या मुलीला गणिताने समजवायला निघालेला बाप त्या गोष्टीत आहे. मला वाटले, त्यांना तरी जमले का?

माझे जमले नव्हते. तरी मी पुन्हा प्रयत्न केला. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट याची एक प्रसिद्ध हॉटेलाची कल्पना आहे, ती मी तिला पंचवटीतली धर्मशाळा करून सांगितली. समज, सिंहस्थ आहे, आणि एका धर्मशाळेला अनंत खोल्या आहेत. सगळ्या भरलेल्या. रात्री एक यात्रेकरू येतो. व्यवस्थापक म्हणतो, काळजी नको. एक नंबरवाल्याने दोनमध्ये जावे, दोनवाल्याने तीनमध्ये, तीनवाल्याने चारमध्ये. सगळे एकेक घर सरकतात, पहिली खोली मोकळी होते, यात्रेकरूची सोय. उलटही तसेच. पहिल्या खोलीतला माणूस निघून गेला तर सगळे एकेक मागे सरकतात आणि एकही खोली रिकामी राहत नाही. जॉर्ज कँटर या दुसऱ्या गणितज्ञाने तर सिद्ध केले की काही अनंते इतर अनंतांहूनही मोठी असतात. पण तिथवर आम्ही गेलोच नाही.

तिने ऐकून घेतले. हसलीही. मग म्हणाली, "पण आजोबा, आपल्याकडे तर दोनच खोल्या आहेत."

खरे आहे. मर्यादित घरात एक कमी झाला की एक कमी होतो. कुणी सरकून ती जागा भरत नाही. दूध एक लिटर येत होते, ते अर्धा लिटरवर आले. कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांच्या खुणा ती करायची, माघापासून ती पाने कोरी आहेत. हे गणित खहराचे नाही, आपले वजाबाकीचे आहे, पहिलीतले.

यंदा गुरुचरित्राचे पारायण झाल्यावर मी भागवताचा अकरावा स्कंध काढला. अवधूताने यदुराजाला चोवीस गुरू सांगितले तो भाग. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत एवढा मोठा ग्रंथ केला, आणि त्यांचे पैठणही आपल्याच गंगेच्या काठी. त्या चोविसांत आकाश आहे, म्हणजे भास्कराचार्यांचा 'ख'. ढग येतात, जातात, आकाशाला त्यांचा लेप लागत नाही. पण मी अडलो कपोतापाशी. मादी आणि पिले जाळ्यात सापडली म्हणून कबुतराने स्वतःच जाळ्यात उडी घेतली, आणि अवधूत म्हणतात, असा संसारात बुडालेला नाश पावतो. हे वाचून पोथी मिटून ठेवली. दोन दिवस उघडली नाही. मला ते माझ्याकडे बोट दाखवल्यासारखे वाटले. तिसऱ्या दिवशी एवढे लक्षात आले की कबुतर अवधूतांच्या यादीत आहे. 'गुरू' म्हणूनच आहे. त्याला बाहेर ठेवलेले नाही.

दरम्यान नातीचा एक चाळा मी पाहत होतो. पदक हातात घेऊन ती त्यावरून बोट फिरवते. या फाशातून त्या फाशात, त्या फाशातून या फाशात. बोट कुठेच थांबत नाही. पण रेघ मोजायला गेले तर बोटभर. तेव्हा मला वाटले की आपण दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव देतो. न संपणारे आणि अनंत. नाशिककराला हे कापरेकर सरांच्या आकड्यावरून चटकन कळेल. देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत मास्तर असलेले द. रा. कापरेकर, ज्यांच्या नावाने ६१७४ हा अंक जगभर ओळखला जातो. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो. पुढे ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. पुन्हा केले, ६१७४. जन्मभर करीत बसा. संपणार नाही, पण वाढणारही नाही, बाहेर कुठे जाणारही नाही. ते न संपणे आहे, अनंत नव्हे.

आमच्या निवृत्तीनंतरच्या वर्षांचा विचार मनात आला तो इथे. अनंत चतुर्दशीची कथा आठवा. चौदा गाठींचा दोरा कौंडिण्याने अग्नीत टाकला, वैभव गेले, मग तो रानोमाळ 'अनंत पाहिलास का?' असे विचारत फिरला. आम्रवृक्षाला विचारले, गाईला विचारले, बैलाला विचारले. वाटेत दोन तळी लागली. एकाचे पाणी दुसऱ्यात जाते, दुसऱ्याचे पहिल्यात येते. त्यांनाही अनंत माहीत नव्हता. डोळ्यांपुढे आणून पाहा, दोन तळी आणि मधून येणारे-जाणारे पाणी. वरून पाहिले तर तो आडवा आठच! वॉलिसला ही कथा ठाऊक असण्याचे कारण नाही, हा केवळ माझ्या डोळ्यांचा खेळ. पण कथेत पुढे उलगडा येतो. कुठे या तळ्यांना धर्म-अधर्म म्हटले आहे, कुठे असे सांगतात की त्या दोघी बहिणी होत्या आणि दान करायचे तर एकमेकींनाच करीत. बाहेर कुणाला नाही. आणि तो आम्रवृक्ष म्हणजे विद्या असून कुणाला न शिकवलेला ब्राह्मण. (हे वाचताना प्रत्येक निवृत्त मास्तराला ठेच लागते.)

आम्ही दोघे तशीच दोन तळी झालो होतो का? मी तरी झालो होतो. शिकवण्या बंद केल्या, जाणे-येणे कमी केले, सगळे लक्ष तिच्या गोळ्यांवर आणि तिचे माझ्या पथ्यावर. फासातून फासात. तिचे मात्र एक घर उघडे होते, आपल्या मराठी चारासारखे. ते मला तेव्हा दिसले नाही, दिसले तेव्हा 'काय हा उपद्व्याप' म्हणालो.

आता गुरू समुद्र. नद्या पावसाळ्यात किती पाणी आणतात, तरी तो फुगत नाही. उन्हाळ्यात आटतात, तरी तो आटत नाही. अवधूत हे सांगतात ते योग्याच्या मनाबद्दल. भास्कराचार्यांचा खहर हाच. पण मी घाटावर बसून नदीकडे पाहत होतो. एकमुखी दत्ताच्या पायऱ्यांवर. श्रावणातले गढूळ पाणी. समोरच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर आले यावरून आपण पूर मोजतो. पायाला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. १९६९ च्या महापुराच्या गोष्टी लोक अजून सांगतात. समुद्राला कुणी असा मारुती लावत नाही. ब्रह्मगिरीवरून करंगळीएवढी निघालेली ही गोदावरी सुमारे १४६५ किलोमीटर जाऊन राजमहेंद्रीपलीकडे समुद्राला मिळते, आणि समुद्र काही सुताने वर चढत नाही. म्हणून ती व्यर्थ गेली असे नाशिक म्हणेल का? पैठण, नांदेड म्हणेल? तिने जे दिले ते वाटेत दिले. समुद्र वाढला की नाही हा हिशेब तिच्या नावावर मांडणेच चूक.

मी नातीला दिलेले उत्तर बरोबर होते, पण तिने विचारले एका खात्याचे आणि मी दिले दुसऱ्याच खात्याचे. अनंत एकाने वाढले नाही, हे खरे. अनंताला वाढवण्यासाठी तिची आजी आलीच नव्हती. आणि जिथे वाढत नाही आणि घटत नाही, तिथून कुणी 'कमी' होत नाही, हेही त्याच समीकरणातले. भास्कराचार्यांचे जीव आत गेल्यावर पुसले गेले असे त्यांनी कुठे म्हटले आहे? राशीत पालट नाही एवढेच म्हटले आहे. आता एवढ्याने रडू थांबते का? नाही थांबत. कबुतराचेही थांबले नसणार.

हे सगळे मी तिला सांगायचे ठरवले होते, ओळीने, फळ्यावर मांडतात तसे. पण त्याआधीच एक झाले.

मागच्या महिन्यात आमच्याकडचे दही बिघडले. मी दूध कोमट करायचे विसरलो आणि कढत दुधातच विरजण घातले. सगळे पांढरे पाणी. चमचाभरही विरजण उरले नाही. ही असताना असे कधी झाले नव्हते. उलट आमच्याच विरजणावर अर्धी इमारत दही लावायची. सकाळी कुणी ना कुणी वाटी घेऊन दारात उभे, आणि मी पेपरातून डोके वर न काढता म्हणायचो, "विकत मिळतं की हो दही." ही काही न बोलता चमचाभर काढून द्यायची.

त्या दिवशी बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. हातात झाकलेली वाटी. नातीने दार उघडले.

"तुमच्याकडचं विरजण गेलं म्हणून कळलं. हे घे. काकूंचंच आहे."

"आजीचं? आजीला जाऊन तर..."

"अगं, मी त्यांच्याकडून आणलं त्याला सहा वर्षं झाली. त्या चमच्यावरच रोज लावतेय. मधे मी गावाला गेले तेव्हा माझ्या जावेकडे दिलं होतं, तिच्याकडून परत आणलं."

नात वाटी घेऊन बराच वेळ दारातच उभी राहिली. मग आत आली, वाटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, दूध किती गरम लागतं?"

मी म्हटले, "करंगळी बुडवून बघ. सोसवेल इतकंच."